एप्रिलमध्ये पांगरचुला करतोय, अ‍ॅव्हलांचची (हिमस्खलनाची) भीती किती खरी? (गाईड म्हणतो होळीनंतर काही नसतं)

सह्यवेडा_पुणे

नमस्कार मंडळी, इथे वाचतो बरीच वर्षं पण लिहितोय पहिल्यांदाच, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही सात जण, सगळे पुण्याचे, सह्याद्रीत बऱ्यापैकी फिरलेलो, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड झालाय, अलंग-मदन-कुलंग झालंय. हिमालयात मात्र एकच ट्रेक, डिसेंबरातलं केदारकांठा, तिथेही बर्फ जेमतेम घोट्याएवढा होता. आता एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पांगरचुला ठरवलंय, जोशीमठच्या वर कुंवारी पासच्या बाजूचं शिखर, साडेचार हजार मीटरच्या थोडं वर. मोठ्या कंपनीबरोबर जात नाहीयोत, एकाच्या ओळखीतून तिथलाच एक गाईड मिळालाय, तो, एक स्वयंपाकी आणि खेचरं.

तर झालं असं की बायकोने बद्रीनाथजवळच्या माणा गावी बर्फाखाली गाडल्या गेलेल्या मजुरांची जुनी बातमी काढून मला दाखवली आणि म्हणाली हे जोशीमठपासून किती लांब आहे ते आधी सांग. मी गाईडला फोन केला तर तो म्हणाला "होली के बाद कुछ नहीं होता सर, बर्फ बैठ जाती है". आता हे खरं आहे का? बर्फ "बसतो" म्हणजे नक्की काय होतं? आणि दुसरं म्हणजे तो समिटच्या दिवशी रात्री २ ला निघायचं म्हणतोय, आमच्यातले दोघे म्हणतायत कशाला एवढ्या थंडीत कुडकुडत जायचं, सकाळी ६-७ ला आरामात चहा पिऊन निघू, उजेड असेल, फोटो पण चांगले येतील. मलाही ते पटतंय खरं तर. रात्री निघण्यात सूर्योदय बघण्यापलीकडे काही फायदा असतो का?

---

बिनधास्त_भटक्या

मी दोनदा गेलोय, दोन्ही वेळा एप्रिलमध्येच. काहीही होत नाही. बुटांना मायक्रोस्पाइक्स (काटेरी साखळ्या) लावा, गेटर्स (बुटावरून नडगीपर्यंतचं आवरण) घाला, सनस्क्रीन विसरू नका, मस्त एन्जॉय करा. उतरताना बर्फावरून बसून घसरत या, तासाभराचा उतार दहा मिनिटांत होतो, जाम मजा येते. बातम्या बघून ट्रेक करायचं म्हटलं तर माणूस कात्रजचा घाट पण ओलांडणार नाही.

---

धार_आणि_घळ

@सह्यवेडा, प्रश्न विचारलात हे फार बरं केलंत. मी उत्तरकाशीला गिर्यारोहणाचं बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स केलंय, त्यानंतर दरवर्षी एक तरी बर्फातला ट्रेक किंवा शिखर होतं, म्हणजे एक्सपर्ट वगैरे नाही पण थोडं बघितलंय. जरा लांबण लागेल.

आधी "होळीनंतर काही नसतं" हे. २३ एप्रिल २०२१, तुमच्याच चमोली जिल्ह्यात, नीती खोऱ्याच्या वर सुमना नावाच्या ठिकाणी सीमा सडक संघटनेच्या कॅम्पवर अ‍ॅव्हलांच आलं. दुपारी चारच्या सुमारास. त्याआधी चार-पाच दिवस सतत बर्फ आणि पाऊस पडत होता. लष्कराने पावणेचारशेच्या वर लोक वाचवले आणि तरी पंधराच्या वर माणसं गेली. तुमच्या तारखा बघा आणि ती तारीख बघा. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये गंगटोकहून नथुलाला जाणाऱ्या रस्त्यावर, भर दुपारी बाराच्या सुमारास, ७ पर्यटक गेले, आणि ते काही शिखर चढत नव्हते, बर्फात खेळायला गाडीतून उतरलेले लोक होते. वहिनींनी दाखवलेली माणाची बातमी २८ फेब्रुवारी २०२५ ची, ५४ मजूर सापडले होते त्यातले ८ दगावले. ती तशी थंडीतलीच म्हणायची, पण पहिल्या दोन धड एप्रिलातल्या आहेत.

गाईड खोटं बोलतोय असं मात्र नाही. तो अर्धं बोलतोय. थंडीतला बर्फ म्हणजे थरांची चटई असते, प्रत्येक वादळाचा एक थर. सुरुवातीला नोव्हेंबर-डिसेंबरात पातळ बर्फ पडतो आणि मग कडाक्याची थंडी, तर जमिनीलगतचा बर्फ हळूहळू जाड्या साखरेसारखा होतो, दाणे सुटे, एकमेकांना न चिकटलेले. त्याच्यावर नंतर घट्ट थर बसले की काय होणार, साखर सांडलेल्या फरशीवर सतरंजी अंथरून तिच्यावर उभं राहिल्यासारखं. सटकलं की अख्खी सतरंजी जाते. मार्च-एप्रिलात दिवसा ऊन लागतं, बर्फ वितळतो, रात्री परत गोठतो, असं रोज रोज होऊन ते थर एकमेकांत मुरतात आणि ती साखर चिकटून जाते. त्याला तुमचा गाईड "बैठ जाती है" म्हणतोय, आणि ते खरंच होतं.

पण ते होता होता मधे एक काळ असा येतो की वितळलेलं पाणी पहिल्यांदाच खाली झिरपत जातं, एखाद्या बर्फाळ कवचावर किंवा थेट कातळावर जाऊन साचतं, दाण्यांमधली पकड सुटते आणि अख्खा उतार वरपासून खालपर्यंत शून्य डिग्रीवर आलेला असतो. ओला भात कसा कलतं केल्यावर ताटातून एकदम सरकतो तसं. मोसमातली पहिली मोठी उष्णता जेव्हा येते ते तीन-चार दिवस सगळ्यात वाईट. शिवाय एप्रिलात पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी पावसा-बर्फाची वादळं) येऊन फूट-दीड फूट ताजा बर्फ टाकून जातात, तेव्हा सगळा हिशोब पहिल्यापासून. बर्फ पडून गेला, दुसऱ्या दिवशी निळंशार आकाश आणि चरचरीत ऊन, ट्रेकवाले म्हणतात वा काय दिवस लागलाय, आणि तोच दिवस घात करतो. त्यानंतर निदान २४ तास, जमलं तर ४८, उताराखाली जाऊ नका.

आता रात्री २ चं. अहो तोच तर सगळ्यात शहाणपणाचा मुद्दा आहे त्या गाईडचा! आणि तुमचे ते दोन मित्र नेमके तोच खोडायला निघालेत. रात्री बर्फ गोठून लोखंड होतो, त्याच्यावरून चढायचं, आणि ऊन लागून तो पातळ व्हायच्या आत खाली यायचं. ७ ला निघालात तर तुम्ही शिखराखालच्या चढ्या टप्प्यात ११-१२ ला असणार, उतरताना १-२ वाजणार. मांडीपर्यंत पाय जाईल ते वेगळंच, पण वरचा उतारही तेव्हाच सैल झालेला असतो.

आणि @बिनधास्त, घसरत येण्याबद्दल. दगड कुठे आहे ते दिसत नाही, थांबायला आइस अ‍ॅक्स नाही, आणि ज्या उतारावर बसून छान घसरता येतं तो उतार साधारण कितीचा असतो सांगतो, तीसच्या वरचा. अ‍ॅव्हलांचही बहुतेक ३० ते ४५ डिग्रीच्या उतारावरच सुटतात. त्याहून कमी असेल तर बर्फ सहसा जागचा हलत नाही, फार उभा असेल तर साचतच नाही, पडत राहतो. म्हणजे मजेचा उतार आणि धोक्याचा उतार एकच.

---

डेन्व्हरची_ताई

धार_आणि_घळ यांनी छान लिहिलंय. मी मूळची नाशिकची, गेली नऊ वर्षं अमेरिकेत कोलोरॅडोत आहे आणि इथे स्कीइंगचा नाद लागला, रिसॉर्टवर नाही, बाहेरच्या डोंगरात. त्यामुळे कोर्स करावा लागला, नवऱ्याने अटच घातली होती.

मला एकच गोष्ट वाढवायची आहे, रात्र बघा. तारीख नाही, रात्र. आकाश निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता वर फेकतो आणि हवा शून्याच्या एक-दोन डिग्री वर असली तरी वरचा थर गोठतो. ढग आले की ते गोधडीसारखे पांघरून बसतात, उष्णता आत कोंडते आणि बर्फ गोठतच नाही. म्हणजे रात्री २ ला निघून काय उपयोग, जर १० पासून ढग असतील? घड्याळात २ वाजलेत पण बर्फाच्या दृष्टीने अजून कालचीच दुपार चालू आहे. इथे आम्ही अशा सकाळी पार्किंगमधूनच परत फिरतो, कॉफी पितो, घरी. पावसाची रात्र असेल तर विचारूच नका.

बाहेर पडल्यावर बुटाने कळतं. टाच मारून बघा, टणक लागली पाहिजे. काठी जोरात खुपसा. वर दोन-तीन सेंटीमीटरचं पापुद्र्यासारखं कवच आणि खाली रबरबीत असेल तर ते गोठलेलं नाहीये, ते नाटक आहे, सूर्य आला की तासाभरात फुटतं. हातभर खोल टणक असेल तर निवांत चढा.

मग दिशा. सकाळचं ऊन आधी पूर्वेच्या उतारांना लागतं, मग दक्षिणेच्या, दुपारी पश्चिमेच्या. म्हणजे तुम्ही सावलीत असाल पण तुमच्या डोक्यावरचा उतार दोन तास उन्हात तापलेला असू शकतो, हे फार लोक विसरतात. उत्तरेकडचा उतार एप्रिलातही थंडीतल्यासारखाच राहतो, तिथे ती जाडी साखर अजून खाली तशीच बसलेली असते. नकाशावर आधीच बघून ठेवा कुठला टप्पा कुठल्या दिशेला तोंड करून आहे.

इथे आम्हाला रोज सकाळी राज्याच्या अ‍ॅव्हलांच सेंटरचा अंदाज मिळतो, १ ते ५ असा, कुठल्या उंचीला, कुठल्या दिशेच्या उतारावर किती धोका ते पण. भारतात असं काही आहे का? कुणी सांगेल का?

---

रस्तेवाला_काका

आहे ताई. पूर्वी मनालीला सासे म्हणून संस्था होती, १९६९ पासूनची, फक्त बर्फ आणि अ‍ॅव्हलांचचा अभ्यास. २०२० मध्ये ती डीआरडीओच्या (संरक्षण संशोधन संस्थेच्या) दुसऱ्या एका प्रयोगशाळेत मिसळून डीजीआरई झाली, मुख्यालय चंदीगड. जिल्हावार इशारे देतात, अमुक मीटरच्या वर धोका, पिवळा, नारिंगी वगैरे. चमोलीचा पण येतो. पण तो इशारा अख्ख्या जिल्ह्याचा असतो, तुमच्या तंबूवरच्या उताराचा नसतो हे ध्यानात ठेवावं. नारिंगी असेल तर तंबूतून हलू नका, आणि काही नसेल तर बिनघोर झालात असं नाही.

मी नोकरीतली बरीच वर्षं सीमेकडच्या रस्त्यांवर काढली, गढवालात तीन, बाकी हिमाचलात. निवृत्त होऊन आता साताऱ्यात शेती. आमचं काम म्हणजे मार्च-एप्रिलात रस्त्यावरचा बर्फ कापायचा, म्हणजे जिथे अ‍ॅव्हलांच येतं नेमकं तिथेच डोझर घेऊन उभं राहायचं. पहाटे चारला मशिनी सुरू, साडेदहा-अकराला नाल्यांच्या तोंडावरची सगळी माणसं मागे. कितीही काम राहिलेलं असो. एकदा वरून दट्ट्या आला की लवकर उरका, एक मशीन अर्धा तास जास्त थांबली, ऑपरेटर उतरून बिडी प्यायला बाजूला गेला आणि मशीन गेली. जूनमध्ये सापडली. बिडीने माणूस वाचलेला मी एकदाच बघितला.

एक गंमत सांगतो, तिकडे लोक अ‍ॅव्हलांच शब्द वापरत नाहीत, "ग्लेशियर आ गया" म्हणतात. त्यामुळे गाईड म्हणाला "इधर ग्लेशियर आता है" तर तुम्ही हिमनदी शोधत बसू नका, तो पूर्वी आलेल्या अ‍ॅव्हलांचच्या जागेबद्दल बोलतोय. अशी जागा डोळ्यांनी पण ओळखता येते. उतारावर चहूकडे झाडं आणि मधेच एक पट्टा केस कापल्यासारखा मोकळा, किंवा तिथली भोजपत्राची झाडं सगळी खालच्या बाजूला वाकलेली. तिथे तंबू लावू नका, जेवायला बसू नका, फोटो काढू नका. एकेकाने पार करायचं, बाकीच्यांनी कडेला उभं राहून वर बघत. सात जण ओळीने पिकनिकसारखे गेलात आणि आलं तर काढायला कोण उरणार?

---

सह्यवेडा_पुणे

बाप रे. मी हो-नाही एवढंच उत्तर येईल म्हणून विचारलं होतं :) सगळ्यांचे मनापासून आभार.

काका, बिडीचं वाचून दोन मिनिटं गप्प बसलो.

आता थोडे बावळट प्रश्न. फोन घेऊन उताराचा कोन मोजता येतो का? आणि समजा एखादा गाडला गेलाच तर आपण काय करू शकतो, आमच्याकडे फावडं वगैरे काही नसतं, गाईडकडे असेल का माहीत नाही. आणि रात्री जोशीमठचं तापमान फोनवर दिसतं त्यावरून वरचा अंदाज कसा घ्यायचा?

---

धार_आणि_घळ

बावळट नाहीत. कोन मोजायला फोनमध्ये लेव्हलचं अ‍ॅप असतंच, ट्रेकिंग पोल उताराच्या दिशेने, वरून खाली असा बर्फावर टेकवून ठेवा आणि त्याच्यावर फोन. दोन-चार ठिकाणी मोजलंत की डोळा तयार होतो. नुसत्या नजरेने खालून उतार कमी वाटतो आणि वरून जास्त.

तापमानाचा ढोबळ हिशोब, दर हजार मीटरला साडेसहा डिग्री कमी. जोशीमठ साधारण १,९०० मीटरवर, तिथे रात्री १० दाखवत असेल तर ४,४०० ला उणे ६ च्या आसपास. पण ताईंनी सांगितलेला ढगांचा मुद्दा याच्याही वरचा, आणि वर तुम्ही तंबूबाहेर डोकं काढून चांदण्या दिसतात का ते बघूच शकता, त्याला अ‍ॅप नको.

गाडलं गेल्याचं मात्र वाईट आहे, गोड करून सांगत नाही. स्विस आकडेवारी आहे, पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्या दहातले नऊ वाचतात आणि पस्तीस मिनिटांपर्यंत दहातले तीनच उरतात. मरतात ते बहुतेक गुदमरून. आणि वसंतातला ओला बर्फ ताज्या भुरभुरीत बर्फाच्या कितीतरी पट जड, थांबला की सिमेंटसारखा आवळतो, आतला माणूस बोट हलवू शकत नाही. त्यामुळे हेलिकॉप्टर, पोलीस, एसडीआरएफ (राज्याचं आपत्ती दल) हे सगळे नंतर, जिवंत काढायचं असेल तर बरोबरच्यांनीच. त्यासाठी तीन गोष्टी, ट्रान्सीव्हर म्हणजे अंगावर बांधायचं ४५७ किलोहर्ट्झचं यंत्र, प्रोब म्हणजे जोडून लांब होणारी सळई, आणि धातूचं फावडं. हाताने आणि जेवणाच्या ताटाने तो बर्फ निघत नाही. ट्रान्सीव्हर मी तरी आपल्याकडच्या ट्रेकर्सच्या अंगावर कधी पाहिलं नाही, आणि सराव नसेल तर असून नसल्यासारखंच. फावडी दोन तरी घ्या. आणि कुणी वाहून जाताना शेवटचा जिथे दिसला त्या जागेवरून नजर हलवायची नाही, एकाने बोट दाखवून उभं राहायचं, शोध तिथून खाली.

पण खरं सांगू का, वाचवण्याची तयारी म्हणजे पुढची गोष्ट, आधी परत फिरण्याची तयारी करा. माझा स्वतःचा किस्सा. फ्रेंडशिप पीकला गेलो होतो, मनालीजवळ, ५,२८९ मीटर, मे महिना. रात्री १ ला उठलो, ढग, आणि हवा चक्क उबदार. बूट बाहेर टाकला तर पचकन आत. गाईड म्हणाला नाही जायचं. आम्ही चिडलो, सुट्टी संपत होती, तिघांनी तर त्याला सरळ सुनावलं की पैसे घेताना बरं चालतं. तो काही बोलला नाही, स्टोव्ह पेटवला. सकाळी नऊच्या दरम्यान समोरच्या उतारावरून आधी लाडू घरंगळायला लागले, म्हणजे बर्फाचे गोळे, आपोआप, चाकासारखे फिरत आणि मागे रेघ सोडत. हे दिसलं की समजायचं बर्फ सैल झालाय. मग अकराला आवाज आला, आमच्या वाटेवरच आलं असं नाही, बाजूच्या घळीतून गेलं, पण आम्ही वर असतो तर उतरताना ती घळ ओलांडायची होती. तिघंही गप्प. त्यातला एक मी.

लाडवांशिवाय आणखी खुणा म्हणजे पाय नडगीच्या वर जायला लागणं, पायाखाली पोकळ धप्प आवाज होऊन बर्फ खचल्यासारखा वाटणं, बुटापासून भेगा पळणं. शेवटच्या दोन दिसल्या की चर्चा नाही, ज्या पावलांनी आलात त्याच पावलांनी मागे. आणि धारेवर गेलात की कडेला वाऱ्याने बर्फाचे छज्जे झालेले असतात, वरून जमीन वाटते, खाली हवा असते. धारेपासून चांगलं आत चाला.

---

बिनधास्त_भटक्या

ठीके मान्य, पण एवढं सगळं बघत बसलं तर कुणी हिमालयात जाणारच नाही. दोन्ही वेळा आम्ही पण १० वाजता टॉपला होतो, दुपारी उतरलो, काही झालं नाही हे फॅक्ट आहे.

---

डेन्व्हरची_ताई

अरे भाऊ, काही झालं नाही हे खरंच फॅक्ट आहे. पण उतार तुला मार्क देत नाही ना. चुकीचं करून सुखरूप आलास आणि बरोबर करून सुखरूप आलास, दोन्ही वेळा फोटो सारखाच येतो. सिंहगड रोडला राँग साइडने रोज जाणाऱ्यालाही काहीच झालेलं नसतं. तू गेलास तेव्हा आदल्या रात्री ढग होते का, आठवतंय? नाही ना? मग तुला माहीतच नाही तू कुठल्या प्रकारात होतास.

आणि सह्यवेडा, अजून एक. एक दिवस जादा ठेवा. बहुतेक चुका मी बघितल्यात त्या बर्फ कळत नाही म्हणून नाही होत, परतीचं तिकीट काढलेलं असतं म्हणून होतात.

---

रस्तेवाला_काका

तिकिटाचं अगदी खरं. आणि ट्रेक एप्रिलच्या शेवटी सरकवता आला तर बघा, बर्फ तेवढाच मुरलेला असेल. उकाड्याची पहिली लाट मात्र टाळा. खेचरवाल्यांना विचारा, ते रोज त्या रस्त्यावर असतात, गाईडपेक्षा खरं बोलतात कारण खेचर स्वतःचं असतं.

---

सह्यवेडा_पुणे

अपडेट देतो. काल रात्री परत गाईडला फोन केला. म्हटलं दादा, समिटच्या रात्री ढग असतील, बर्फ जमला नसेल तर? तो जरा थांबला. मग म्हणाला "फिर नहीं जाएंगे सर. आप लोग नाराज मत होना बस." मी म्हटलं नाही होणार. मग आपणहोऊन सांगायला लागला, कुठल्या नाल्यात "ग्लेशियर" येतं, साडेनऊपर्यंत टॉप नाही झाला तर जिथे असू तिथून मागे, फावडं त्याच्याकडे एक आहे, दुसरं तो गावातून आणतोय. हे सगळं त्याला माहीत होतं, आम्ही विचारलं नव्हतं आणि त्याला वाटलं घाबरून बुकिंग कॅन्सल करू.

तारखा आठवडाभर पुढे ढकलल्या, परतीच्या आधी दोन दिवस मोकळे ठेवलेत, एकाला रजा मिळत नव्हती तो गळला, सहा जण जातोय. बायकोला हा अख्खा धागा वाचायला दिला. तिने बिनधास्तचं उत्तर वाचून विचारलं हा पण तुमच्याबरोबर येतोय का, नाही म्हटल्यावर बरं म्हणाली.

आणि ते दोघे उशिरा निघूवाले आता विचारतायत की रात्री २ ला चहा मिळेल का. कुणी थर्मास सुचवा, उणे दहाला चार तास गरम राहील असा.